अंगणातील शाळा : ताराबाई मोडक यांचे चरित्र

सांगली व सातारा ह्या जिल्ह्यांतील कोणत्याही गावी सकाळच्या वेळी गेले असता एक देखावा बहुधा दृष्टीस पडतो. चावडीजवळ, समाजमंदिरात किंवा मराठी शाळेच्या आवारात एका खोलीपुढे इवल्याशा चपला काढून ठेवलेल्या असतात. आत तीन ते सहा वर्षांची लेकरे गाणे म्हणत असतात आणि एक बाई, जिला सारा गाव ताई म्हणून हाक मारतो, त्यांच्यामध्ये बसलेली असते. ह्या ठिकाणास आपण अंगणवाडी म्हणतो. हे नाव आता इतके घरचे झाले आहे की ते कोठून आले असा प्रश्नही कोणाच्या मनात येत नाही. परंतु हा शब्द आपल्या मराठी मुलुखात जन्मला, समुद्रकाठच्या आदिवासी पाड्यांतील खऱ्याखुऱ्या अंगणांवरून पडला, आणि तेथून साऱ्या देशभर गेला. ज्या बाईंच्या हातून हे कार्य घडले त्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे थोडक्यात ठेवीत आहो.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबई येथे झाला. त्यांचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थनासमाजाचे होते. मुलींनी शिकावे, जातिभेद मानू नये आणि जे खरे वाटते ते आचरणात आणावे, ह्या गोष्टी त्या काळी पुष्कळ घरांत नुसत्या बोलण्यातही निघत नसत. त्या ताराबाईंस बाळपणापासून मिळाल्या. सन १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. पुढे मोडक नावाच्या वकिलांशी त्यांचा विवाह झाला व त्या अमरावतीस राहू लागल्या. परंतु हा संसार सुखाचा झाला नाही. १९२१ साली त्या पतीपासून विभक्त झाल्या, आणि स्वतःच्या पायांवर उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर आली. त्या दिवसांत अशा स्त्रीकडे लोक कोणत्या दृष्टीने पाहत असत हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. ताराबाईंनी त्या दुःखाचे भांडवल केले नाही, आणि त्याखाली त्या दबूनही गेल्या नाहीत. काठेवाडात राजकोट येथे शिक्षिका तयार करणारे बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज होते. त्याच्या प्राचार्यपदाची जबाबदारी त्यांनी पत्करली.

मानाची व पगाराची जागा मिळाली म्हणजे बहुतेक माणसे तेथे स्थिर होतात. ताराबाईंचे तसे झाले नाही. काठेवाडातच भावनगर येथे दक्षिणामूर्ती नावाची संस्था होती, आणि तेथे गिजुभाई बधेका हे गृहस्थ लहान मुलांसाठी बालमंदिर चालवीत होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलास कसे वाढवावे ह्या विचारात असता इटालीतील मारिया माँटेसरी ह्या डॉक्टर बाईंचे ग्रंथ त्यांच्या हाती आले, आणि त्यांनी वकिली सोडून १९२० साली बालमंदिर काढले. लेकरांना ते इतका जीव लावीत की गुजराथेत लोक त्यांस मिशावाली आई म्हणू लागले. ताराबाईंनी हे काम पाहिले, आणि १९२३ साली प्राचार्यपद सोडून त्या भावनगरास आल्या. मोठ्या कॉलेजच्या मुख्य बाईंनी चार वर्षांच्या मुलांबरोबर जमिनीवर बसावे हे पुष्कळांस पायरी उतरल्यासारखे वाटले असेल. परंतु घराचा पाया जमिनीखाली असतो म्हणून तो कमी योग्यतेचा ठरत नाही, ही गोष्ट ताराबाईंनी ओळखली होती.

त्या काळच्या शाळा कशा असत हे वृद्ध वाचकांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. मूल सहासात वर्षांचे झाले की त्यास ओढीत शाळेत न्यावयाचे, तेथे पंतोजींच्या छडीच्या धाकाने पाढे घोकून घ्यावयाचे, आणि ज्यास ते जमले नाही त्यास मठ्ठ ठरवून गुरे राखावयास पाठवावयाचे, असा क्रम होता. सहा वर्षांच्या आतील मूल म्हणजे केवळ खाणारे व रडणारे; त्याला मन आहे, जिज्ञासा आहे, स्वतः काही करून पाहण्याची तहान आहे, असे कोणी मानीत नसे. गिजुभाई व ताराबाई ह्यांनी ह्याच्या अगदी उलट प्रतिपादन केले. माणसाचे वळण, भाषा, हातांचे कौशल्य व इतरांशी वागण्याची रीत ह्यांचा पाया पहिल्या सहा वर्षांतच घातला जातो. आणि भय व मार ह्यांनी हा पाया खचतो, असे त्यांचे म्हणणे होते. १९२६ साली ह्या दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. शिक्षण पत्रिका हे मासिक प्रथम गुजराथीत निघत असे; पुढे ताराबाईंनी ते मराठीतही चालविले. आईबापांस समजेल अशा भाषेत त्या लिहीत. मुलास मारू नका एवढेच सांगून त्या थांबत नसत. न मारता काय करावे, हेही त्या सांगत.

भावनगरास सुमारे नऊ वर्षे काढल्यावर त्या मुंबईस आल्या, आणि १९३६ साली दादर येथे त्यांनी शिशुविहार ही संस्था सुरू केली. तेथे बालमंदिराबरोबर शिक्षिका तयार करण्याचा वर्गही चाले. संस्थेचे नाव झाले, शिकलेली कुटुंबे आपली मुले आनंदाने पाठवू लागली. १९३९ साली गिजुभाई परलोकवासी झाले व संघाचा बहुतेक भार ताराबाईंवर पडला. येथेच त्यांचे चरित्र संपले असते तरी शहरांतील बालशिक्षणाच्या इतिहासात त्यांचे नाव राहिलेच असते. पण सांगलीच्या खेड्यांतील वाचकांसाठी आम्हांस ते लिहिण्याचे कारण पडले नसते.

त्यांच्या कार्यावर एक आक्षेप घेतला जात असे, आणि तो खोटा नव्हता. माँटेसरी बाईंनी आपले पहिले बालगृह १९०७ साली रोम शहरात मजुरांच्या गरीब वस्तीत काढले होते. परंतु हिंदुस्थानात आल्यावर ती पद्धत श्रीमंतांची झाली. लाकडी ठोकळे, मनोरे, दांड्या, रंगीत पाट्या अशी साधने विकत घ्यावयाची म्हणजे पुष्कळ पैसा लागे. देशातील बहुतेक मुले खेड्यांत, मातीच्या घरांत व शेताच्या बांधांवर वाढत असता ही विद्या मात्र शहरांतील काही थोड्या घरांपुरती राहिली. गांधीजींचेही म्हणणे हेच होते की जे शिक्षण गरिबाच्या झोपडीपर्यंत पोहोचत नाही ते देशाच्या उपयोगाचे नाही. त्यांची मूलोद्योगी शिक्षणाची योजना प्रथम सात वर्षांपुढील मुलांसाठी होती. तुरुंगातून सुटून आल्यावर, जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्राम येथे भरलेल्या परिषदेच्या वेळी, तिचा विस्तार अगदी लहान मुलांपर्यंत करण्याचे ठरले.

आपल्यावर घेतलेला आक्षेप ऐकून माणसे बहुधा दोनपैकी एक गोष्ट करितात. रागावतात किंवा सबबी सांगतात. ताराबाईंनी तिसरी गोष्ट केली. आक्षेप खरा आहे असे मनात धरून त्यांनी आपला मुक्काम हलविला. १९४५ च्या अखेरीस, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी ह्या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले. हा भाग त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता. आता तो पालघर जिल्ह्यात आहे. मुंबई इलाख्याचे पुढारी बाळासाहेब खेर ह्यांचे ह्या कार्यास साह्य होते. बोर्डीस आचार्य भिसे ह्यांनी शिक्षणाचे व आदिवासींच्या सेवेचे काम आधीच चालविले होते. आणि ताराबाईंस एक सहकारी अशी मिळाली की तिच्यावाचून पुढील सर्व कार्य झाले नसते. ती म्हणजे अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा. लहानपणीच त्यांचे लग्न झाले व थोड्याच काळात वैधव्य आले. कष्टाने शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. कस्तुरबा स्मारक निधीच्या ग्रामसेविकांच्या शिबिरात त्यांची व ताराबाईंची गाठ पडली, आणि त्या बोर्डीस आल्या.

आता खरी परीक्षा सुरू झाली. त्या काळी हरिजनवाडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत त्यांनी काम आरंभिले. आदिवासींच्या पाड्यांवरील मुले मात्र केंद्राकडे येईनात. शाळा उघडली, शिक्षिका नेमल्या, साधने मांडली, तरी मुले नाहीत, असा प्रसंग आमच्या वाचकांपैकी जे गावोगाव शिकवीत फिरले आहेत त्यांस नवा नाही. अशा वेळी लोक अडाणी आहेत असे म्हणून दोष त्यांच्या माथी मारणे फार सोपे असते. ताराबाई व अनुताई ह्यांनी कारण शोधले. आईबाप पहाटेच मजुरीस जात. त्याच वर्षी त्या भागात वारली लोक वेठबिगारीविरुद्ध उठले होते, ह्यावरून त्यांची दशा ध्यानात येईल. घरातील सात वर्षांची बहीण धाकट्या भावास कडेवर घेऊन दिवसभर सांभाळी. जरा मोठा मुलगा गुरांमागे जाई. अंगावर धड वस्त्र नाही, पोटात अन्न नाही, आणि शाळा म्हणजे आपल्यासाठी नसलेली, साहेबांची व सावकारांची वस्तू, अशी पिढ्यान् पिढ्यांची समजूत. मग मूल शाळेत कोणी पाठवावे, आणि कसे?

उत्तर असे निघाले की मुले शाळेकडे येत नाहीत, तर शाळेने मुलांकडे जावे. गावात एक मध्यवर्ती बालवाडी ठेवावी, आणि तिच्या शिक्षिकांनी पाड्यावर जाऊन एखाद्या झोपडीच्या अंगणातच मुले जमवावीत. तेथे मुलांचे हातपाय धुवावे, केस विंचरावे, नखे काढावी, गाणी व गोष्टी सांगाव्या, आणि आईच्या डोळ्यांदेखत हे सर्व करावे, म्हणजे आईसही शिक्षण मिळेल. ही अंगणातील बालवाडी म्हणजेच अंगणवाडी. महाग साधनांचा प्रश्नही ह्याच रीतीने सुटला. मोजण्यास चिंचोके व खडे, रंग व आकार ओळखण्यास पाने, फुले व शिंपले, हात घडविण्यास माती व बांबू, हे सर्व पाड्यावर फुकट होते. माँटेसरी बाईंचे तत्त्व ताराबाईंनी ठेविले; पेटी मात्र मागे टाकिली.

मोठे भावंड धाकट्यास सांभाळण्यात अडकते, म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ही एकाच ठिकाणी असावीत, असा विचार पुढे आला. तान्हे पाळणाघरात, मधले बालवाडीत, आणि बहीण शाळेत, अशी व्यवस्था झाली की तिन्ही मुलांचे कल्याण होते. ह्या संयुक्त शाळेस विकासवाडी असे नाव दिले. १९५६-५७ च्या सुमारास हे कार्य बोर्डीहून जवळच्या कोसबाड टेकडीवर नेण्यात आले, कारण आदिवासींची वस्ती तेथे अधिक होती. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविण्याचा प्रयोगही झाला. टेकडीवर राहावयास गेल्या तेव्हा ताराबाईंनी साठी ओलांडलेली होती.

येथपर्यंतचा भाग सेवेचा झाला. परंतु ताराबाईंच्या चरित्राचा आणखी एक भाग आहे, आणि तो आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. एका गावात एका भल्या बाईने बालवाडी काढली तर शेपन्नास मुलांचे कल्याण होते; ती बाई गेली की बालवाडीही जाते. म्हणून हे काम दानधर्माचे न राहता सरकारचे कर्तव्य झाले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. १९४४ साली सार्जंट साहेबांनी हिंदुस्थानच्या शिक्षणाची जी योजना मांडली तीत तीन ते सहा वर्षांच्या दहा लक्ष मुलांसाठी विनामूल्य शिशुशाळांची सोय असावी असे म्हटले होते. परंतु कागदावरील योजना व गावातील शाळा ह्यांत मोठे अंतर असते. १९४६ साली ताराबाई मुंबई इलाख्याच्या विधानसभेच्या सभासद झाल्या व १९५१ पर्यंत त्या जागेवर राहिल्या. प्राथमिक शिक्षणासंबंधीच्या समित्यांवर त्यांनी काम केले. ह्याच काळात, १९४७ साली, मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला. मोठे पाऊल पडले खरे, पण सक्तीचे शिक्षण सहा वर्षांपुढील मुलांसाठीच राहिले. त्याहून लहान लेकरू कायद्याच्या उंबरठ्याबाहेरच राहिले.

राज्यकर्त्यांची अडचण अशी होती की पहिलीच्या वर्गासही पैसा पुरत नाही, तर त्याखालच्या मुलांस कोठून द्यावा. हा प्रश्न वरवर पाहता बिनतोड वाटतो. पण बोर्डी व कोसबाड येथील अनुभव त्याचे उत्तर देत होता. जे मूल काही तयारीवाचून एकदम पहिलीत बसते ते बावरते, मागे पडते, आणि थोड्याच दिवसांत शाळा सोडते. त्याच्यासाठी नेमलेला मास्तर, बांधलेली खोली व छापलेली पुस्तके ह्यांवरील खर्च वाया जातो. मशागत न करिता पेरणी केली तर बियाण्याचा पैसा वाचत नाही, तो बुडतो, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. ताराबाईंच्या कामाचे बळ हेच होते की त्या सभागृहात रिकाम्या हाताने गेल्या नाहीत. गरिबातील गरीब पाड्यावर, थोड्या खर्चात, हे काम होते, एवढे त्या दाखवून देऊ शकत होत्या.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९४६ साली मत देण्याचा अधिकार सर्वांस नव्हता. मालमत्ता, कर व शिक्षण ह्यांवर तो अवलंबून असे. ज्या वारली आयांच्या लेकरांसाठी ताराबाई झटत होत्या, त्यांतील बहुतेकींस मतच नव्हते. जिला मत नाही तिच्या मुलाची आठवण निवडणुकीच्या वेळी कोणास होणार? १९५० साली राज्यघटना अमलात आली आणि प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मत मिळाले. त्याच घटनेच्या ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांस दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे सांगितले.

ताराबाईंच्या कार्याची कीर्ती हळूहळू पसरली. १९४९ साली इटालीत भरलेल्या माँटेसरी परिषदेस त्या गेल्या. १९५३ साली स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाने खेड्यांतील बालवाड्यांस साह्य देण्यास आरंभ केला. १९६२ साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण ही पदवी दिली. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांनी देह ठेविला. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू केली, आणि तिच्या केंद्रास अंगणवाडी असेच नाव दिले. बाईंनी ते पाहिले नाही. अनुताईंनी पाहिले, त्यांनी १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या अंतापर्यंत, कोसबाडचे काम चालविले. त्यांस १९८५ साली पद्मश्री मिळाली.

मग कार्य सिद्धीस गेले काय? अर्धेच गेले, असे आम्हांस वाटते. २००२ साली घटनेत दुरुस्ती होऊन सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. परंतु सहा वर्षांच्या आतील मुलांविषयी, राज्याने त्यांच्या संगोपनाचा व शिक्षणाचा प्रयत्न करावा, एवढेच ४५ व्या अनुच्छेदात राहिले. हक्क व प्रयत्न ह्यांत केवढे अंतर आहे हे ज्याने कचेरीत खेटे घातले आहेत त्यास समजते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन वर्षांच्या मुलापासून शिक्षणाचा आराखडा मांडला आहे. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. अंगणवाडीकडे सहा प्रकारच्या सेवा सोपविल्या आहेत. आहार वाटणे, वजने घेणे व नोंदी भरणे ह्यांत ताईंचा दिवस सरला की ताराबाईंना जे शिक्षण अभिप्रेत होते त्यासच वेळ उरत नाही.

आणि आपल्या जिल्ह्यांत एक वस्ती अशी आहे की जिच्याकडे पाहिले म्हणजे बोर्डीची आठवण होते. दिवाळीनंतर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की मराठवाड्याकडून ऊसतोडीची कुटुंबे येतात आणि फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. आईबाप काळोखात तोडीस जातात. सात वर्षांची बहीण धाकट्यास कडेवर घेते. गावातील अंगणवाडीच्या हजेरीत ह्या लेकरांची नावे पुष्कळदा नसतात, कारण ती ह्या गावची नव्हेत. आणि आपल्या गावी ती हजर नसतात. बोर्डीचे उत्तर येथेही तेच आहे. लेकरे अंगणवाडीपर्यंत येत नसतील तर अंगणवाडीने कोप्यांपर्यंत जावे.

हे काम एकट्या ताईंवर टाकून भागणार नाही. आमच्या वाचकांपैकी जे मंडळ्यांत शिकवितात त्यांनी आपल्या गावच्या अंगणवाडीत एकदा जाऊन बसावे, आणि खोली गळते की नाही, पाणी आहे की नाही, मुलांस गोष्ट सांगण्यास वेळ मिळतो की नाही, हे पाहावे. ग्रामसभेत रस्ता व गटार ह्यांच्या जोडीने हा विषय काढावा. आणि मते मागावयास जो कोणी दारी येईल त्यास सहा वर्षांच्या आतील मुलांसाठी काय करणार हे नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावे. त्या मुलांस मत नाही. पण त्यांच्या आयांस आता आहे, आणि ताराबाईंच्या काळच्या आयांस ते नव्हते, ही गोष्ट आपण विसरू नये.